फॅसिझम आणि गोव्यातील सालाझारशाही

फॅसिझम ही राष्ट्राला व त्याच्या नावाने चालणाऱ्या राज्यसंस्थेला सर्वोच्च मानणारी, उदारमतवाद आणि मार्क्सवाद या दोहोंना नाकारणारी, नेतापूजक व हिंसेचे समर्थन करणारी विचारप्रणाली होय. मुसोलिनीने १९१९ मध्ये मिलान येथे तिची संघटना उभारली आणि १९२२ मध्ये इटलीची सत्ता हाती घेतली.

गोव्याला तिची झळ लागली ती पोर्तुगालमार्गे. १९१० च्या प्रजासत्ताकामुळे गोव्यातील हिंदूंना समान नागरी हक्क आणि मराठी वृत्तपत्रांना मोकळीक मिळाली होती. २८ मे १९२६ च्या लष्करी उठावाने ते प्रजासत्ताकच संपले. १९३२ मध्ये सालाझार पंतप्रधान झाला व पुढच्या वर्षीच्या संविधानाने ‘एस्तादो नोव्हो’ (नवे राज्य) ही एकपक्षीय राजवट स्थिरावली. तिचा कामगारविषयक कायदा मुसोलिनीच्या १९२७ च्या श्रमसनदेवर बेतलेला होता. तरीही सालाझारची भिस्त रस्त्यावरच्या जमावापेक्षा चर्च, कुटुंब आणि आज्ञाधारकपणा यांवर होती. खुद्द पोर्तुगीज फॅसिस्टांच्या राष्ट्रीय सिंडिकॅलिस्ट चळवळीवर त्याने १९३४ मध्ये बंदी घातली. म्हणूनच अनेक अभ्यासक त्याच्या राजवटीला फॅसिस्ट न म्हणता केवळ हुकूमशाही म्हणतात.

हा भेद लिस्बनमध्ये जितका महत्त्वाचा, तितका पणजीत नव्हता. वसाहती ताब्यात ठेवणे आणि तेथील लोकांना ‘सुसंस्कृत’ करणे हे पोर्तुगीज राष्ट्राचे अंगभूत कार्य आहे, असे १९३० च्या वसाहत कायद्याने घोषित केले. राष्ट्राच्या या व्याख्येत गोमंतकीयाला स्वतःचे राष्ट्र मागण्याची सोयच नव्हती. गोमंतकीय पत्रकार व नेते लुईस द मिनेझिस ब्रागांझा यांनी त्याच वर्षी गोव्याच्या शासकीय मंडळात या कायद्याचा निषेध केला. लग्नाच्या निमंत्रणपत्रिकेलाही सेन्सॉरची मंजुरी लागे, यावरून त्या काळच्या गोव्यात लोकमताला किती वाव होता ते समजावे.

१८ जून १९४६ रोजी राममनोहर लोहिया यांनी मडगावात सभाबंदी मोडल्यानंतर गोव्याच्या मुक्तिलढ्याचे नेते त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा यांना लष्करी न्यायालयाने आठ वर्षांची शिक्षा देऊन पोर्तुगालमधील पेनिश किल्ल्यात धाडले. १९५१ मध्ये वसाहतींना ‘सागरपार प्रांत’ हे नाव मिळाले, परंतु गोवा पोर्तुगालचाच भाग असल्याच्या विधानावर ‘माझा निषेध आहे’ एवढेच म्हणणाऱ्या गोमंतकीय शल्यविशारद डॉ. पुंडलिक गायतोंडे यांना १९५४ मध्ये अटक करून पोर्तुगालला नेण्यात आले. गोवा १९ डिसेंबर १९६१ रोजी मुक्त झाला. मुक्तिलढ्यातील सैनिक मोहन रानडे मात्र पोर्तुगालच्या तुरुंगातून १९६९ मध्ये सुटले, आणि राजवट २५ एप्रिल १९७४ रोजी कोसळली.