खुलासा : वीज वाचवणारी सरकारी इमारत खरंच महाग पडते?

बडोद्यात दांडिया बाजारच्या कट्ट्यावर हे वर्षानुवर्षं ऐकतोय : ‘वीजबचतीची इमारत म्हणजे सरकारी पैशांची उधळण.’ चूक. निविदेतला आकडा म्हणजेच खर्च, असं धरल्यामुळे हा घोळ होतो. त्यात बांधणारं खातं एक, बिल भरणारं दुसरं!

वाचनालयातला एक पंखाच घ्या. साधा सुमारे 75 वॅटचा, बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या ब्रशविरहित मोटरचा, साधारण 30 वॅटचा. रोज 10 तास, वर्षाला 300 दिवस फिरला तर 135 युनिट वाचतात. युनिट 7 रुपये धरलं तर 945 रुपये. नवा पंखा समजा 1,500 रुपयांनी महाग, तरी फरक 19 महिन्यांत वसूल.

‘पण उद्याचा रुपया आजच्याएवढा नसतो ना?’ रास्त शंका. म्हणूनच वस्तूच्या आयुष्यभराच्या खर्चाच्या हिशेबात पुढची बचत व्याजदराने घटवून धरतात. 8 टक्क्यांनी 10 वर्षांची बचत आज सुमारे 6,300 रुपये भरते. दुरुस्ती, भंगाराची किंमत हेही त्यात येतं.

सरसकट सगळंच परवडतं असं मात्र नाही. महिन्यातून दोनदा उघडणाऱ्या सभागृहात हाच पंखा वर्षाला जेमतेम 11 युनिट वाचवेल. तिथे जुनाच राहू द्या.