वेळ दिला की वेळ दिली?

गेल्या आठवड्यात घरच्या ग्रुपवर तोच मजकूर पुन्हा फिरत आला. इंग्रज वेळ 'खर्च' करतात आणि आपण 'घालवतो', म्हणून त्यांच्या गाड्या वेळेवर सुटतात आणि आपल्या लग्नातल्या पंगती दोन तास उशिरा बसतात, असा त्याचा सूर. खाली टाळ्यांची रांग. निष्कर्ष साफ चुकीचा आहे. पण इंग्रजी बोलणारा माणूस वेळेबद्दल कसा बोलतो, हा विषय मात्र खरोखर सुंदर आहे.

स्पेंड, सेव्ह, वेस्ट, इन्व्हेस्ट, गिव्ह. ही सगळी क्रियापदं पैशाला लागतात तशी टाइमलाही लागतात. 'टाइम इज मनी' हे बेंजामिन फ्रँकलिनने १७४८ मध्ये एका तरुण व्यापाऱ्याला केलेल्या उपदेशात लिहून ठेवलं. पुढे १९८० मध्ये जॉर्ज लेकॉफ आणि मार्क जॉन्सन या अमेरिकी अभ्यासकांनी याच बोलण्यावर बोट ठेवलं. वेळ डोळ्यांना दिसत नाही, हाताला लागत नाही. म्हणून आपण दिसणाऱ्या, हाताळता येणाऱ्या वस्तूचा साचा घेतो आणि त्यातून वेळेचा विचार करतो, असं त्यांचं म्हणणं. इथवर बहुतेकांनी ऐकलेलं असतं. मला यात सगळ्यात जास्त आवडते ती इंग्रजीतली अगदी चिमुकली उपपदं, 'अ' आणि 'द'.

'हॅव यू गॉट टाइम?' म्हणजे तुम्हाला सवड आहे का? 'हॅव यू गॉट द टाइम?' म्हणजे किती वाजले? मधे फक्त एक 'द' आला आणि प्रश्नच बदलला. 'ही गेव्ह मी टाइम' म्हणजे त्याने माझ्यासाठी वेळ काढला. 'ही गेव्ह मी अ टाइम' म्हणजे भेटीची वेळ ठरवून दिली. आता मराठीकडे बघा. डॉक्टरांनी मला वेळ दिला. डॉक्टरांनी मला वेळ दिली. पहिल्या वाक्यात ते शांतपणे बसून बोलले, दुसऱ्यात 'उद्या अकराला या' म्हणाले. इंग्रजी उपपदाने जे करते ते मराठी लिंगाने करते. सामान्यरूपात तर हा फरक आणखी लख्ख दिसतो: 'थोड्या वेळाने ये' आणि 'वेळेवर ये'. (लिखित मराठीत ही रेघ पुसट झाली आहे. 'वेळेची बचत' म्हणतो तेव्हा पुल्लिंगी वेळच अभिप्रेत असतो, रूप मात्र स्त्रीलिंगी घेतो.)

यामागचं तत्त्व असं. पुल्लिंगी वेळ हा पाण्यासारखा, पिठासारखा आहे. व्याकरणात आपण त्याला पदार्थवाचक नाम म्हणतो. 'दोन पाणी' म्हणता येत नाही, दोन तांबे पाणी म्हणावं लागतं. तसा वेळही तास-मिनिटांच्या मापात घ्यावा लागतो. तो कमी पडतो, उरतो, वाया जातो. स्त्रीलिंगी वेळ ही रस्त्याकडेच्या मैलाच्या दगडासारखी आहे. ती येते, ठरते, टळते, चुकते. संपत मात्र नाही. आणि 'स्पेंड' हे क्रियापद फक्त पहिल्या प्रकाराला लागतं. 'टू अवर्स' स्पेंड करता येतात, 'फाइव्ह ओ'क्लॉक' स्पेंड करता येत नाही. पाच वाजणे ही खूण आहे, साठा नव्हे. इंग्रजी भाषक वेळ मोजतो तेव्हा साठ्यावर खुणा करत असतो, आणि खर्च करतो तेव्हा दोन खुणांमधला साठा वापरत असतो.

हा फरक एका बाईच्या पर्समध्ये मावलेला होता. लंडनमधली रूथ बेलव्हिल. तिचे वडील जॉन हेन्री बेलव्हिल ग्रीनिचच्या वेधशाळेत सहायक होते आणि १८३६ पासून अचूक लावलेलं घड्याळ घेऊन लंडनभर गिऱ्हाइकांकडे फिरत. त्यांच्यामागे आईने हे काम केलं आणि १८९२ पासून रूथने. घड्याळ अठराव्या शतकातलं, जॉन अरनॉल्ड या कारागिराचं. म्हणून त्याला नावच 'अरनॉल्ड' पडलं होतं. ग्रीनिचला जायचं, तिथल्या घड्याळाशी अरनॉल्ड ताडून घ्यायचं, किती सेकंदांचा फरक आहे याचा दाखला घ्यायचा आणि मग घड्याळजींची दुकानं पायी पालथी घालायची. दुकानदार अरनॉल्डकडे बघून आपलं घड्याळ लावून घेत आणि त्याची वर्गणी भरत. १९२४ मध्ये बीबीसीवर वेळेचे टोले सुरू झाले, १९३६ मध्ये टेलिफोनवर बोलतं घड्याळ आलं, तरी ती १९४० पर्यंत फिरत राहिली. तिने विकली ती स्त्रीलिंगी वेळ. कितीही जणांना दिली तरी तिच्याकडची कमी झाली नाही. त्याच दुकानात काम शिकणारा उमेदवार दिवसाचे तास मालकाला विकत होता, तो पुल्लिंगी वेळ होता आणि त्याला परत मिळणार नव्हता. आपल्याकडेही कोणती वेळ खरी मानायची यावर मोठा वाद झाला. १९०६ मध्ये भारतीय प्रमाणवेळ आल्यावरही मुंबईने तिच्याहून ३९ मिनिटं मागे असलेली आपली वेळ १९५५ पर्यंत सोडली नाही.

या स्त्रीलिंगी वेळेला आपण गुणदोषही चिकटवले आहेत, ते मला सोसत नाही. सीझियम-१३३ अणूमधून निघणाऱ्या एका ठराविक प्रारणाची ९,१९,२६,३१,७७० आवर्तनं म्हणजे एक सेकंद, ही व्याख्या १९६७ पासून जगभर मान्य आहे. मंगळवारी दुपारी तीन ते साडेचारच्या राहुकाळात त्यातलं एकही आवर्तन कमी-जास्त होत नाही. मुहूर्तासाठी शस्त्रक्रिया पुढे ढकललेली माणसं मी पाहिली आहेत. तो धोका अणूंनी नाही, आपण ओढवून घेतलेला असतो.

'स्पेंड' शब्दाचं मूळ लॅटिनमधल्या 'एक्स्पेन्देरे'मध्ये आहे, म्हणजे तोलून देणे. नाणी जिथे मोजण्याऐवजी तोलली जात, त्या व्यवहारातला हा शब्द. तोलायचं तर पारडं टांगावं लागतं, आणि त्याच टांगण्याच्या धातूपासून 'पेंड्युलम' म्हणजे लंबक हा शब्दही आला. वेळ खर्च करण्याचा शब्द आणि वेळ मोजण्याचं यंत्र एकाच घरातले निघाले! क्रिस्तिआन हॉयगेन्सने १६५६ मध्ये लंबकाचं घड्याळ बनवलं तेव्हा दिवसाकाठी पाव तास चुकणारी घड्याळं पंधरा सेकंदांच्या आसपास आली. मात्र इंग्रजीत वेळ 'स्पेंड' करणं त्याच्या कितीतरी आधीचं, मध्ययुगातलं आहे. कारखान्याच्या भोंग्याने हा वाक्प्रचार जन्माला घातला, असं म्हणणं त्यामुळे टिकत नाही. भोंग्याने त्याला धार लावली, एवढं नक्की, इतिहासकार ई. पी. थॉम्पसन यांनी १९६७ मध्ये ते तपशिलात मांडलं.

आता ग्रुपवरच्या मजकुराकडे वळू. बोलण्याच्या पद्धतीचा वेळेच्या जाणिवेवर परिणाम होतो का? इंग्रजीत वेळ पैसा आहे तशी लांबीही आहे: 'लाँग टाइम', 'शॉर्ट टाइम'. डॅनियल कासासांतो आणि लेरा बोरोडित्स्की यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत संगणकाच्या पडद्यावर एक रेघ वाढत जाई आणि नाहीशी होई. नऊ लांब्या आणि एक ते पाच सेकंदांच्या दरम्यानचे नऊ कालावधी, म्हणजे एक्याऐंशी जोड्या. रेघ गेल्यावर पडद्यावर वाळूच्या घड्याळाचं चित्र येई. बघणाऱ्याने माउसची कळ एकदा दाबायची, रेघ जितका वेळ होती असं वाटतं तितका वेळ थांबायचं आणि पुन्हा दाबायची. कधी त्याऐवजी लांबी दाखवायची. दोन रेघा अगदी तितकाच वेळ पडद्यावर असल्या, तरी लांब रेघ जास्त वेळ होती असं लोकांना वाटलं, आखूड रेघ कमी वेळ. उलट दिशेने मात्र काहीच झालं नाही: रेघ जास्त वेळ राहिली म्हणून ती कुणाला लांब वाटली नाही. लांबी वेळेत घुसते, वेळ लांबीत घुसत नाही. बोलण्यातही हेच आहे. वेळेला 'लाँग' म्हटलं जातं, पण दोरीची लांबी कुणी मिनिटांत सांगत नाही.

ग्रीक भाषेत रात्र लांब नसते, आपल्या पौषातल्या रात्रीसारखी मोठी असते. स्पॅनिशमध्येही वेळ 'पुष्कळ' असतो. २०१७ मध्ये एमानुएल ब्युलुंड आणि पॅनॉस अथॅनासोपोलस यांनी स्वीडिश आणि स्पॅनिश भाषकांना वाढती रेघ आणि भरत जाणारं भांडं अशी दोन्ही चित्रं दाखवली. वेळेला इंग्रजीसारखंच 'लांब' म्हणणारे स्वीडिश लोक रेघेने फसले, स्पॅनिश लोक भांड्याने. दोन्ही भाषा येणाऱ्यांपुढे पडद्यावर वेळेसाठीचा स्वीडिश शब्द आला तर ते रेघेने फसत, स्पॅनिश शब्द आला तर भांड्याने. माणूस तोच, डोळे तेच, आणि तो शब्द पडद्यावरून काढून टाकल्यावर हा परिणाम दिसेनासा झाला. भाषेची पकड इथे काही सेकंदांच्या अंदाजापुरती होती आणि शब्द समोर होता तोवरच होती. त्यावरून कुणाच्या लग्नाची पंगत किती वाजता बसेल, हे सांगता येत नाही.