डोळ्यांच्या औषधासाठी हायड्रोजेल निवडताना : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

सभोवतालचे तापमान, आम्लता किंवा क्षार बदलले की काही हायड्रोजेल (भरपूर पाणी धरून ठेवणारी जेल) फुगतात, आकसतात किंवा द्रवाचे घट्ट होतात. औषध एकदम न सुटता सावकाश सुटावे यासाठी या गुणाचा उपयोग होतो. आमच्याकडे सर्वाधिक विचारणा पोलोक्सॅमर ४०७ ची होते, म्हणून येथे मुख्यतः त्याचीच माहिती दिली आहे.

हे पॉलिमर (लांब साखळीच्या रेणूंचा पदार्थ) थंड पाण्यात विरघळते. द्रावण तापू लागले की त्याच्या रेणूंचे सूक्ष्म गोळे बनतात आणि ते एकमेकांना खेटून दाटीने बसले की जेल धरते. या गोळ्यांमध्ये कायमचे रासायनिक बंध नसल्यामुळे भरपूर पाणी मिळताच जेल पुन्हा सुटते. त्यामुळे अनेक दिवस औषध सोडत राहण्याची अपेक्षा निव्वळ पोलोक्सॅमरकडून ठेवू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

प्रयोगशाळेत ३७ अंश सेल्सिअसला छान घट्ट झालेले द्रावण डोळ्यात मात्र वाहून जाते, अशी तक्रार आमच्याकडे वरचेवर येते. डोळ्याच्या पृष्ठभागाचे तापमान साधारण ३४ अंशांच्या आसपास असते, आणि शिवाय तेथे अश्रू असतात. ४० मायक्रोलिटरचा थेंब ७ मायक्रोलिटर अश्रूंत मिसळला, की १७ टक्क्यांचे द्रावण सुमारे १४.५ टक्क्यांवर येते. १५ टक्क्यांच्या खाली तर जेल नीट धरण्याची खात्रीच राहत नाही. म्हणून चाचणी कृत्रिम अश्रुद्रव मिसळून, ३४ अंशांना आणि आपले औषध घातलेल्या द्रावणावरच घ्यावी, कारण औषध व क्षार यांमुळेही जेल धरण्याचे तापमान सरकते.

द्रावण करताना भुकटी ४ ते ५ अंशांच्या पाण्यात थोडी थोडी भुरभुरून हलके ढवळावे आणि रात्रभर फ्रिजमध्ये ठेवावे. गरम पाण्यात टाकल्यास गुठळ्या होतात, जोरात ढवळल्यास फेस येतो आणि तो लवकर बसत नाही. जेल धरल्याची साधी खूण म्हणजे परीक्षानळी उलटी केली तरी द्रव खाली न ओघळणे. तापमान एकेक अंशाने वाढवावे, घाई केल्यास आकडा चुकतो.

पातळ होण्याचीच अडचण असेल तर जेलन गम या दुसऱ्या जेल बनवणाऱ्या पदार्थाचा विचार करावा. अश्रूंतील सोडियम व कॅल्शियममुळे ते घट्ट होते, म्हणजे ज्या अश्रूंमुळे पोलोक्सॅमर सैल पडते तेच येथे उपयोगी पडतात. काचबिंदूवरील टिमोलॉलचे दिवसातून एकदाच घालायचे नेत्रबिंदू याच तत्त्वावर उपलब्ध आहेत.

आमचे नमुने केवळ संशोधन व सूत्रविकासासाठी आहेत. ते रुग्णांवर थेट वापरू नयेत. भुकटी घट्ट झाकणाच्या डब्यात, कोरड्या जागी, उजेडापासून दूर ठेवावी. मागणी नोंदवताना औषधाचे नाव कळवण्याची आवश्यकता नाही. ते पाण्यात विरघळते की नाही आणि द्रावणात कोणते क्षार आहेत, एवढे कळवले तरी योग्य प्रमाण सुचवता येते.