तिकीट आणि इच्छुक (नागपूर)

एका पक्षाची अधिकृत उमेदवारी मिळावी म्हणून त्याच पक्षाच्या कार्यकर्त्यांमधे जी चुरस लागते ती. नागपुरात हिला कोणी उमेदवारीची स्पर्धा वगैरे म्हणत नाही, 'तिकिटाचं काय करून राहिले भाऊ' एवढंच विचारतात. तिकीट मागणाऱ्याला इच्छुक, मिळालेल्याला अधिकृत, न मिळूनही उभा राहिलेल्याला बंडखोर आणि दुसऱ्या पक्षातून ऐनवेळी आलेल्याला उपरा किंवा आयात उमेदवार म्हणतात. अमेरिकेत हे सगळं प्रायमरी नावाने मतपेटीतून होतं. आपल्याकडे त्यासाठी ना मतदारयादी आहे ना मतमोजणी, पण ज्या प्रभागात एका पक्षाचा गड आहे तिथे खरी निवडणूक तिकिटाचीच असते, नंतरची नुसती पार पडते.

तिकीट हा शब्द कुठून आला यावर दोन प्रकारे सांगितलं जातं. लोकांना पटणारा अर्थ असा की जसं गाडीचं किंवा सिनेमाचं तिकीट तसं हे सभागृहात जायचं तिकीट. पण १९व्या शतकात अमेरिकेत मतपत्रिका सरकार नाही तर पक्षच छापायचे, आपल्या सगळ्या उमेदवारांच्या नावांची एक चिठ्ठी, आणि त्या चिठ्ठीला टिकेट म्हणायचे, मतदार तीच पेटीत टाकायचा. तिथून इंग्रजी वर्तमानपत्रांच्या भाषेत आणि तिथून आपल्याकडे, हा मार्ग जास्त पटतो. १९३७ च्या प्रांतिक निवडणुकांपर्यंत 'काँग्रेसचं तिकीट' हा प्रयोग चांगलाच रुळला होता. हायकमांड हा शब्दसुद्धा साधारण त्याच काळातला, त्याचा नागपूरशी संबंध पुढे येतो.

प्रायमरीच्या उगमाबद्दलही एकमत नाही. पेनसिल्व्हेनियातल्या क्रॉफर्ड काउंटीत कार्यकर्त्यांच्या थेट मतदानाने उमेदवार निवडायची पद्धत सुरू झाली असं बरेच जण मानतात, फक्त कोणी १८४० चं दशक धरतं तर कोणी १८६० चं. राज्यभर लागू होणारा मोठा कायदा मात्र विस्कॉन्सिनचा, १९०३ मधे झालेला आणि १९०४ ला जनमताने मंजूर झालेला, तो पक्का. भारतात याच्या सगळ्यात जवळ गेलेला प्रयोग काँग्रेसने २०१४ च्या लोकसभेला देशातल्या मोजक्या मतदारसंघांत केला, त्यात नागपूरला लागून असलेलं वर्धा होतं. तिथे पक्षाच्या पदाधिकाऱ्यांनी मतदान केलं, सागर मेघे आणि चारुलता टोकस अशी लढत झाली, मेघे निवडून आले आणि मुख्य निवडणुकीत भाजपच्या रामदास तडसांकडून हरले. मेघे तेव्हाच्या खासदारांचे चिरंजीव, टोकस काँग्रेस नेत्या प्रभा राव यांच्या कन्या. म्हणजे मतदान कार्यकर्त्यांचं झालं खरं, पण चुरस दोन मोठ्या घरांतच राहिली. तरी हा प्रयोग पुढे वाढवला नाही हे वाईट झालं असं प्रस्तुत नोंदकर्त्याचं मत आहे.

नागपूरचा या विषयाशी संबंध फक्त इथल्या भांडणांपुरता नाही. डिसेंबर १९२० मधे विजयराघवाचारी यांच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचं अधिवेशन इथे भरलं, आजचं काँग्रेसनगर हे नाव त्याचीच आठवण, आणि याच अधिवेशनात पक्षाची नवी घटना मंजूर झाली. चार आणे भरून कोणीही सदस्य, गावापासून वर अखिल भारतीय समितीपर्यंत समित्यांची उतरंड, प्रांत भाषेप्रमाणे. त्याआधी काँग्रेस म्हणजे वर्षातून एकदा भरणारी सभा होती. वस्तीत राहणारा, वर्गणी गोळा करणारा, सभेच्या आधी सतरंज्या टाकणारा आणि नंतर उचलणारा जो कार्यकर्ता आपण ओळखतो त्याला कागदावर जागा मिळाली ती इथे. पण त्या घटनेने चवन्नी सदस्याला समिती निवडायचा हक्क दिला, निवडणुकीला उमेदवार कोण हे ठरवायचा नाही, तेव्हा तो प्रश्नही नव्हता कारण पक्षाने कौन्सिलांवर म्हणजे कायदेमंडळांवर बहिष्कारच टाकला होता. पुढे पक्ष निवडणुका लढवायला लागला तेव्हा उमेदवारीचा निर्णय संसदीय मंडळाकडे म्हणजे वरच गेला आणि तो आजतागायत वरच आहे. इतर पक्षांनीही थोड्याफार फरकाने हाच साचा उचलला.

वरचे विरुद्ध इथले हा वाद उघडपणे फुटला तोही नागपुरातच, खरे प्रकरणात. १९३७ च्या निवडणुकीनंतर मध्यप्रांत-वऱ्हाडचे मुख्यमंत्री नागपूरचे डॉ. नारायण भास्कर खरे झाले. प्रांतात काँग्रेसच्या तीन वेगळ्या प्रांतिक समित्या होत्या, महाकोशल हिंदी भागाची, नागपूर आणि विदर्भ मराठी भागाच्या, आणि मंत्रिमंडळात हिंदी भाग विरुद्ध मराठी भाग अशी ओढाताण सुरूच होती. जुलै १९३८ मधे खरेंनी वरच्या संसदीय मंडळाला न विचारता राजीनामा दिला, महाकोशलच्या मंत्र्यांनी द्यायला नकार दिला, गव्हर्नर वायलींनी त्यांना बडतर्फ केलं, खरेंनी नवं मंत्रिमंडळ केलं ज्यात अग्निभोज हे दलित समाजातले मंत्री होते, आणि लगेच पक्षाने त्यांना तेही सोडायला लावलं. सेवाग्राम-वर्ध्याच्या बैठका झाल्या, कार्यकारिणीने खरेंवर ठपका ठेवला, रविशंकर शुक्ल मुख्यमंत्री झाले. खरे शिस्त मोडून गेले असं एक मत, वल्लभभाई पटेलांच्या संसदीय मंडळाने मराठी भागाला चेपलं असं दुसरं. खरेंनी घाई केली हे नाकारता येत नाही, पण ज्या आमदारांनी त्यांना नेता निवडलं होतं त्यांच्या मताला त्या आठवड्यात फारशी किंमत राहिली नाही हेही खरंच आहे. शहराने तेव्हा हा शब्द आणि त्याचा अर्थ दोन्ही शिकून घेतले: हायकमांड.

कायद्याच्या बाजूने पाहिलं तर पक्षाने आपला उमेदवार कसा निवडावा यावर भारतात कायदा जवळजवळ गप्प आहे. लोकप्रतिनिधित्व कायद्यात १९८९ पासून आलेलं कलम २९अ पक्षाच्या नोंदणीपुरतं आहे, विधी आयोगाने १९९९ च्या १७०व्या अहवालात पक्षांतर्गत लोकशाही कायद्याने बांधा असं सुचवलं होतं, ते झालं नाही. कायदा बोलतो ते थेट शेवटच्या टप्प्यावर, निवडणूक चिन्हे आदेश १९६८ मधे, आणि त्यातून जन्मलेली वस्तू म्हणजे एबी फॉर्म. बाहेर लोक याला एकच कागद समजतात, ते दोन आहेत. 'ए' मधे पक्षाचे अध्यक्ष किंवा सचिव कळवतात की आमच्या वतीने उमेदवारांची नावं कळवायचा अधिकार अमुक माणसाला आहे, खाली त्याच्या सहीचे नमुने. 'बी' मधे तो माणूस उमेदवाराचं नाव लिहितो, आणि मुख्य उमेदवाराचा अर्ज बाद झाला तर पर्यायी कोण तेही. सही शाईची मूळच पाहिजे, शिक्का किंवा फॅक्सची चालत नाही. अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी दुपारी ३ च्या आत हे निवडणूक अधिकाऱ्याच्या टेबलावर पोचलं पाहिजे, आधीचं बी रद्द करून दुसऱ्याचं द्यायचं असेल तर तेही ३ च्या आतच. विधानसभेला मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक म्हणजे नाव सुचवणारा मतदार पुरतो, अपक्षाला १० लागतात, म्हणून जाणता इच्छुक एबी फॉर्मची वाट पाहता पाहता १० सह्या घेऊन ठेवतो. महापालिकेची निवडणूक राज्य निवडणूक आयोग घेतो, तिथे नियम आयोगाचे वेगळे पण एबी फॉर्मचा कारभार तसाच. ३ वाजण्याचं महत्त्व नागपूरला २९ ऑक्टोबर २०२४ ला पुन्हा दिसलं, माजी मंत्री अनीस अहमद काँग्रेस सोडून वंचित बहुजन आघाडीचा एबी फॉर्म घेऊन मध्य नागपूरसाठी आले आणि काही मिनिटांच्या उशिराने अर्ज राहिला तो राहिलाच.

महापालिकेच्या तिकिटाची चुरस सगळ्यात जास्त, कारण कार्यकर्त्याच्या हाताला लागेल अशी पायरी तीच. नगरसेवकपदापासून वर गेल्याचं उदाहरण डोळ्यासमोर आहे, देवेंद्र फडणवीस १९९२ मधे नगरसेवक झाले आणि १९९७ मधे महापौर. २०१७ मधे सभागृहात १५१ जागा आणि ३८ प्रभाग होते, बहुतेक प्रभाग चार सदस्यांचे, भाजपला १०८, काँग्रेसला २९, बसपाला १० मिळाल्या. चार सदस्यांच्या प्रभागात अ, ब, क, ड अशा जागा, प्रत्येकीचं आरक्षण सोडतीत निघतं, आणि पाच वर्षं एका वस्तीत राबलेल्या माणसाची जागा एका चिठ्ठीने ओबीसी महिला होऊन जाते. २०११ पासून निम्म्या जागा महिलांना आहेत, हे फार चांगलं झालं, पण जागा महिला निघाली की वर्षानुवर्षं महिला आघाडीत घाम गाळणाऱ्या ताईच्या आधी मावळत्या नगरसेवकाच्या घरातल्या वहिनींचं नाव पुढे येतं, आणि हा अन्याय बंडखोरीच्या बातम्यांमधे मोजलासुद्धा जात नाही. चार जणांचं पॅनल असल्यामुळे भांडण तिकिटावर संपतही नाही. एकाच पॅनलमधले दोघे आतून एकमेकांचे विरोधी असले की 'मला एक द्या, बाकी तिघं तुमच्या मनाने' असा प्रचार रात्री घरोघरी होतो.

निवडीची रीत सगळीकडे साधारण सारखी. शहर कार्यालयातून अर्ज न्यायचा, काँग्रेसचं महालातलं देवडिया भवन असो की भाजपचं टिळक पुतळ्याजवळचं कार्यालय, भरून द्यायचा, मुलाखतीला जायचं, मग कोअर कमिटी, निरीक्षक, सर्व्हे आणि यादी. मुलाखत दोन-तीन मिनिटांची. प्रश्न ठरलेले, किती वर्षं पक्षात आहे, समाजाची मतं किती, खर्च किती करू शकतो, आणि तिकीट नाही मिळालं तर काय करणार. शेवटच्या प्रश्नाला 'पक्ष सांगेल ते' हे एकच उत्तर सगळे देतात.

२०१७ ला महापालिकेच्या एका झोन ऑफिसबाहेर प्रस्तुत नोंदकर्त्याने एक बूथप्रमुख पाहिला, पक्षाचं नाव इथे महत्त्वाचं नाही. हातात निळी प्लास्टिकची फाईल, आत जात वैधता प्रमाणपत्र, मालमत्ता कर आणि पाण्याची थकबाकी नसल्याचा दाखला, शौचालयाचा दाखला, नवीन उघडलेलं बँक पासबुक, रक्तदान शिबिराचे फोटो, आणि पेपरातल्या कात्रणांचा एक जुडगा. मोबाईल चार्जिंगला लावलेला पानठेल्यावर, बायको गेटजवळ नवी साडी नेसून उभी. पावणेतीनला फोन आला, तो 'हो भाऊ, बरं भाऊ' एवढंच बोलला, फाईल बंद केली आणि बायकोला म्हणाला चल. ज्याला तिकीट मिळालं तो दहा दिवसांपूर्वी पक्षात आलेला होता. संध्याकाळी त्याच माणसाने त्या उमेदवाराच्या मतदार चिठ्ठ्या वाटायला घेतल्या. हा माणूस कुठल्या आकडेवारीत येत नाही, पण पक्ष नावाची गोष्ट वस्तीत उभी असते ती अशा लोकांच्या जिवावर.

नाराजाची समजूत घालायचे मार्ग ठरलेले आहेत, महापालिकेत नेमून मिळणारं स्वीकृत सदस्यपद, नागपूर सुधार प्रन्यास या शहर विकासाच्या संस्थेचं विश्वस्तपद, संघटनेत बढती. त्यातून न बसणारा बंड करतो. अपक्ष बंडखोर जिंकतोही, रामटेकला २०१९ मधे युतीत जागा भाजपला गेली तेव्हा शिवसेनेचे आशिष जयस्वाल अपक्ष लढून निवडून आले, २०२४ ला तिथेच काँग्रेसच्या राजेंद्र मुळकांनी बंड केलं, ते जमलं नाही. बंड न करणाऱ्यालाही कधी फळ मिळतं. २०१९ मधे कामठीतून मंत्री असलेल्या चंद्रशेखर बावनकुळेंचं तिकीट कापलं, ते पक्षातच राहिले, पुढे प्रदेशाध्यक्ष झाले आणि २०२४ ला कामठीतूनच आमदार. आयात उमेदवाराचं काय होतं याचं टोकाचं उदाहरण डिसेंबर २०२१ च्या विधान परिषद निवडणुकीचं: भाजपमधून आलेल्या रवींद्र भोयर यांना काँग्रेसने उमेदवारी दिली, मतदानाच्या तोंडावर पाठिंबा अपक्ष मंगेश देशमुखांकडे वळवला, निकालात भाजपचे बावनकुळे ३६२, देशमुख १८६ आणि अधिकृत उमेदवार १.

रिपब्लिकन पक्षाची स्थापना ३ ऑक्टोबर १९५७ ला नागपुरातच झाली, पण तिथली चुरस लवकरच तिकिटाऐवजी गटांची झाली, एक नाराज म्हणजे एक नवा गट. उत्तर नागपुरात पुढे बसपाने त्या कार्यकर्त्यांना जागा दिली.

महापालिकेची मुदत मार्च २०२२ मधे संपली आणि पुढची जवळपास चार वर्षं प्रशासक होता. १५ जानेवारी २०२६ ला मतदान झालं तेव्हा आधीच्या निवडणुकीला नऊ वर्षं होत आली होती, म्हणजे दोन पिढ्यांचे इच्छुक एकाच यादीसमोर उभे होते. अर्ज मागे घ्यायच्या दिवशी, २ जानेवारीला, शहरातल्या एका प्रभागात पक्षाने माघार घ्यायला सांगितलेल्या उमेदवाराला त्याच्या समर्थकांनी घरातच कोंडलं, बाहेरून कुलूप लावलं आणि दारासमोर बसून राहिले, त्याने जाऊन अर्ज मागे घेऊ नये म्हणून.