आधी ताप मोजला, वास नंतर

2020 च्या उन्हाळ्यात बँकेपासून किराणा दुकानापर्यंत प्रत्येक दारात कपाळावर टेम्परेचर गन रोखली जायची. ताप नसला की आत जायला मोकळे. कोविड झालेल्या अनेकांना ताप येतच नव्हता, तरी गन खाली आली नाही. आकडा दोन सेकंदांत दिसतो, हा तिचा खरा गुण. नाकाचा आकडा दाखवणारं असं काही दारात ठेवायला नव्हतं.

विषाणूमुळे वास जातो हे डॉक्टरांना जुनंच. फ्लू किंवा साध्या सर्दीनंतर महिनोन्महिने वास न येणारे रुग्ण कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे नेहमीच येत. 1995 मध्ये तर स्वयंसेवकांना सर्दीच्या 229ई या कोरोनाविषाणूचीच लागण करून त्यांच्या घ्राणशक्तीवर होणारा परिणाम मोजला गेला होता. पण वास गेला म्हणून कोणी मरत नाही, त्यामुळे या विषयाकडे फारसं कोणी वळत नसे.

मार्च 2020 मध्ये चित्र पालटलं. जर्मनीतल्या हाइन्सबर्गमध्ये हेंड्रिक श्ट्रेक हे विषाणुतज्ज्ञ घरोघरी जाऊन रुग्णांशी बोलत होते. शंभराहून अधिक जणांपैकी दोन तृतीयांश लोकांनी वास-चव गेल्याचं सांगितलं. एका आईला तर बाळाचं भरलेलं डायपरही कळलं नव्हतं. त्याच महिन्यात ब्रिटनमधल्या क्लेअर हॉपकिन्स आणि निर्मल कुमार या कान-नाक-घसा तज्ज्ञांनी निवेदन काढलं: दुसरं काही लक्षण नसताना अचानक वास गेला, तर त्या माणसाला वेगळं ठेवा. तरीही ब्रिटिश सरकारने हे लक्षण अधिकृत यादीत घेतलं ते 18 मे रोजी. भारतात 13 जून उजाडला. एव्हाना आपल्याकडे लोक हिंगाच्या डबीत नाक घालून स्वतःची परीक्षा घेऊ लागले होते.

चवीचं म्हणाल, तर ‘तोंडाला चव नाही’ या तक्रारीत बराच वाटा नाकाचा असतो. घास चावताना त्याचा वास घशामागून वर चढतो आणि त्यालाच आपण चव समजतो. कोविडमध्ये जिभेवरही परिणाम होई, पण मुख्य घोटाळा वर होता. हार्वर्डमधल्या संशोधकांनी जुलै 2020 मध्ये दाखवलं, की विषाणूला आत शिरायला लागणारी एसीई2 ही प्रथिनं वास टिपणाऱ्या चेतापेशींवर नसून त्यांना आधार देणाऱ्या शेजारच्या पेशींवर असतात. नाक चोंदलेलं नसताना वास जाणं आणि बहुतेकांना तो काही आठवड्यांत परत मिळणं, दोन्हींचा उलगडा यातून होतो.

पण माणसाला विचारणं वेगळं आणि मोजणं वेगळं. अमेरिकेत रिचर्ड डोटी यांनी 1984 मध्ये चाळीस वासांची चाचणी तयार केली होती: पुस्तिकेतली पट्टी पेन्सिलीने खरवडायची, हुंगायची आणि चार पर्यायांतून उत्तर निवडायचं. 2020 मध्ये तेहरानच्या रुग्णालयात याच चाचणीत 60 पैकी 59 रुग्णांची घ्राणशक्ती उणी भरली. त्यातल्या जेमतेम एक तृतीयांश लोकांना ते स्वतःला जाणवलं होतं. मात्र तिच्यातले काही वास अमेरिकी घरांतले आहेत. रूट बिअर हे तिथलं शीतपेय आपल्यापैकी कितींनी हुंगलं असेल? अशा प्रश्नात नापास होणारा आजारी असेलच असं नाही.

पुण्याच्या आयसर या विज्ञान संशोधन संस्थेत निक्सन अब्राहम यांच्या गटाने वेगळी वाट काढली. यंत्रातून ठरावीक, अगदी सौम्य प्रमाणात गंध मिसळलेली हवा सोडायची आणि तो कळतो का, एवढंच पाहायचं. बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयाच्या मदतीने लक्षणं नसलेल्या बाधितांना तपासलं, तेव्हा विचारल्यावर वास-चव कमी झाल्याचं सांगणारे सुमारे 15 टक्के होते. यंत्रावर घ्राणशक्ती घटलेली दिसली 82 टक्क्यांची. माझ्या मते या साऱ्या इतिहासातली सर्वांत बोलकी जोडी हीच.

मग अशी तपासणी दारोदार का आली नाही? दर काही दिवसांनी स्वस्त वासचाचणी केली तर प्रसार आटोक्यात राहू शकतो, असं अमेरिकेतल्या गणितींनी मांडलंही होतं. पण सर्दी, सायनस, धूम्रपान, म्हातारपण या सगळ्यांतच घ्राणशक्ती घटते, म्हणजे नाहक अडवले जाणारे पुष्कळ. शिवाय एकदा गेलेला वास संसर्ग संपल्यावरही परतायला वेळ घेतो. बरा झालेलाही दारात नापासच. मे 2021 मध्ये पुण्याच्याच मायलॅबच्या घरगुती अँटिजेन किटला मंजुरी मिळाली आणि पंधरा मिनिटांत थेट विषाणूचाच माग लागू लागला. पाठोपाठ डेल्टाच्या जागी ओमिक्रॉन हा विषाणूचा नवा प्रकार आला. ब्रिटनमध्ये लक्षणं कळवण्यासाठी असलेल्या ॲपवरच्या नोंदींत डेल्टाच्या काळात वास गेल्याचं सांगणारे 52.7 टक्के होते, ओमिक्रॉनच्या काळात ते 16.7 टक्क्यांवर आले.