ऑस्टिओपॅथिक कॉलेजचा दर्जा तिसऱ्या वर्षी का उघडा पडतो

अमेरिकेत डॉक्टर होण्याच्या पदव्या दोन आहेत, एम.डी. आणि डी.ओ. औषध लिहिण्याचा आणि शस्त्रक्रिया करण्याचा पूर्ण परवाना पन्नासही राज्यांत दोघांना मिळतो. आपल्याकडे एम.डी. ही एमबीबीएसनंतरची पदवी, तिकडे ती वैद्यकाची पहिलीच. त्यात डी.ओ. म्हणजे ‘डॉक्टर ऑफ ऑस्टिओपॅथिक मेडिसिन’ असे कळले की न्यू जर्सीतल्या नातवाला पुण्यातले आजोबा हमखास विचारणार, म्हणजे हाडवैद्य का? ब्रिटनमुळे हा गोंधळ आणखी वाढतो. तिथला ऑस्टिओपॅथ खरोखरच डॉक्टर नसतो. तो १९९३ च्या वेगळ्या कायद्याखाली नोंदलेला, हाताने उपचार करणारा व्यावसायिक असतो.

अमेरिकेत आता डी.ओ. कॉलेजे ४० हून अधिक आहेत आणि देशातल्या वैद्यकीय विद्यार्थ्यांपैकी जवळजवळ चौथा हिस्सा तिथे शिकतो. पदवी चालेल का, हा प्रश्न केव्हाच निकालात निघाला. कोणते कॉलेज नीट शिकवते आणि अडचणीत विद्यार्थ्याच्या पाठीशी उभे राहते, हे ओळखणे मात्र अवघड आहे. त्याचे मूळ एका जुन्या उणिवेत सापडते : या कॉलेजांपैकी बहुतेकांना स्वतःचे मोठे रुग्णालय कधी लाभलेच नाही.

अँड्र्यू टेलर स्टिल यांची तीन मुले १८६४ मध्ये मेंदूज्वराने गेली. त्या काळच्या औषधांवरचा त्यांचा विश्वास उडाला आणि १८७४ मध्ये त्यांनी हाडे-स्नायूंवर हाताने उपचार करण्याची आपली पद्धत, म्हणजे ऑस्टिओपॅथी, जाहीर केली. मिसुरीतल्या कर्क्सव्हिल या लहान गावी १८९२ मध्ये त्यांनी पहिली शाळा काढली. सनदेप्रमाणे तिला एम.डी. पदवी देता आली असती, पण स्टिल यांनी मुद्दाम डी.ओ. हे नाव घेतले. पहिल्याच तुकडीत स्त्रियाही होत्या, ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. १८९६ मध्ये व्हरमाँटने परवान्याचा कायदा केला आणि शाळा भराभर निघू लागल्या. त्यांतल्या काही निव्वळ दुकाने होती.

दर्जाचा प्रश्न जाहीरपणे मांडला तो १९१० च्या फ्लेक्सनर अहवालाने. अब्राहम फ्लेक्सनर यांनी अमेरिका-कॅनडातल्या १५५ वैद्यकीय शाळांबरोबर आठ ऑस्टिओपॅथिक शाळाही पाहिल्या. आठांत मिळून १३०० हून जास्त विद्यार्थी, वर्षाला सगळ्यांची मिळून फी सुमारे २ लाख डॉलर, आणि त्या मानाने प्रयोगशाळा व रुग्णशय्या नगण्य. फी कुठे जाते आणि विद्यार्थ्याला प्रत्यक्ष रुग्ण किती दिसतात, हे त्यांचे दोन प्रश्न आजही कुठल्याही माहितीपत्रकाला विचारावेत. या दणक्यानंतर टिकलेल्या शाळांनी अभ्यासक्रम चार वर्षांवर नेला आणि पुढे औषधशास्त्रही शिकवायला घेतले. रुग्णालयांची दारे तरी बंदच राहिली. डी.ओ. डॉक्टरांशी व्यावसायिक संबंध ठेवणे अमेरिकन मेडिकल असोसिएशन १९६० पर्यंत अनैतिक मानत होती, त्यामुळे डी.ओ. मंडळींनी मिशिगन, ओहायो, पेनसिल्व्हेनिया, मिसुरी अशा राज्यांत स्वतःची छोटी रुग्णालये उभारली. शिकाऊ डॉक्टर तिथेच तयार होत.

कॅलिफोर्नियात जे घडले त्याची धास्ती या व्यवसायाने बरीच वर्षे बाळगली. १९६१-६२ मध्ये तिथल्या एम.डी. आणि डी.ओ. डॉक्टरांच्या दोन्ही संघटना एक झाल्या, लॉस एंजेलिसच्या ऑस्टिओपॅथिक कॉलेजचे एम.डी. कॉलेज झाले, आणि दोन हजारांवर डॉक्टरांनी ६५ डॉलर भरून पदवी बदलून घेतली. देशात डी.ओ. कॉलेजे उरली पाच : शिकागो, डे मॉइन, कॅन्सस सिटी, कर्क्सव्हिल आणि फिलाडेल्फिया. पण ६५ डॉलरांत पदवी बदलता येते, म्हणजे दोन्ही शिक्षणांत फारसा फरक नाही, हेही त्यातूनच सिद्ध झाले. १९६६ मध्ये सैन्यदलाने डी.ओ. डॉक्टर घ्यायचे ठरवले, मिशिगनमध्ये १९६९ मध्ये निघालेले डी.ओ. कॉलेज १९७१ मध्ये सरकारी विद्यापीठात गेले आणि तसे ते देशातले पहिले ठरले, १९७३ मध्ये मिसिसिपी या शेवटच्या राज्यानेही पूर्ण परवाना दिला, आणि १९७४ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने डी.ओ. परवान्याची तिथली दारेही पुन्हा उघडली.

इथून पुढे कॉलेजे वाढत गेली आणि रुग्णालये आटत गेली. १९८०-९० च्या दशकांत ती छोटी ऑस्टिओपॅथिक रुग्णालये मोठ्या साखळ्यांत विरली किंवा बंद पडली. नव्या कॉलेजांनी वेगळा मार्ग धरला : पहिली दोन वर्षे आवारात वर्ग आणि प्रयोगशाळा, तिसऱ्या-चौथ्या वर्षी विद्यार्थी दूरदूरच्या रुग्णालयांत आणि दवाखान्यांत पांगलेले. खर्च कमी, डॉक्टरांची वानवा असलेल्या भागांना विद्यार्थी मिळतात, म्हणून पद्धत फोफावली. २००८ मध्ये कोलोरॅडोत रॉकी व्हिस्टा विद्यापीठाने पहिला वर्ग भरवला तेव्हा नफ्यासाठी चालणारे वैद्यकीय कॉलेज अमेरिकेत अनेक दशकांनी परतले. तेवढ्यावरून कॉलेज वाईट ठरत नाही, पण फ्लेक्सनर यांचा फीचा प्रश्न तिथे दुप्पट जोराने विचारावा.

पांगलेल्या शिक्षणात काय बिघडते, हे रोटेशनचे, म्हणजे एकेका विभागात काही आठवडे प्रत्यक्ष काम करून शिकण्याचे, दोन प्रकार पाहिले की कळते. वॉर्डातल्या रोटेशनमध्ये विद्यार्थी रेसिडेंट डॉक्टरांच्या (पदवीनंतर रुग्णालयात प्रशिक्षण, म्हणजे रेसिडेन्सी, करणाऱ्यांच्या) तुकडीत असतो, भरती रुग्ण स्वतः तपासतो, नोंदी लिहितो, राउंडला केस मांडतो. प्रिसेप्टरकडच्या रोटेशनमध्ये एक डॉक्टर, त्याचा दवाखाना आणि एक विद्यार्थी. डॉक्टर शिकवणारा असला तर याच्यासारखे शिक्षण नाही. नसला तर चार आठवडे मागे उभे राहण्यात जातात. सगळी मुख्य रोटेशन्स दुसऱ्या प्रकारची झाली तर रेसिडेन्सीच्या पहिल्या महिन्यात मूल भांबावते, आणि शिफारसपत्रेही ‘मेहनती आहे, वेळेवर येतो’ एवढ्यावर थांबतात. मान्यता देणाऱ्या आयोगाला, म्हणजे ‘कोका’ला, हे ठाऊक आहे. म्हणूनच चौथ्या वर्षाआधी प्रत्येकाला भरती रुग्णांचे किमान एक, रेसिडेंटांबरोबरचे किमान एक आणि डी.ओ. डॉक्टरच्या हाताखालचे किमान एक रोटेशन मिळायला हवे, अशी अट आली. पण हा तळ झाला. अंतर्गत वैद्यक, शस्त्रक्रिया, बालरोग, स्त्रीरोग-प्रसूती, मानसोपचार आणि फॅमिली मेडिसिन यांपैकी किती रोटेशन्स वॉर्डात होतात, हे मुलाखतीत थेट विचारावे. जागा चिठ्ठ्या टाकून मिळतात का, सहा रोटेशन्ससाठी किती गावे बदलावी लागतात, तेही.

आकड्यांकडे मात्र जपून पाहावे. कॉमलेक्स ही डी.ओ. विद्यार्थ्यांची स्वतंत्र परवाना परीक्षा १९९५ ते १९९८ दरम्यान टप्प्याटप्प्याने आली. पहिल्या प्रयत्नात किती जण पास झाले, हे कॉलेजला जाहीर करावेच लागते. गोम अशी की अनेक ठिकाणी आधी सराव-परीक्षेत ठरावीक गुण मिळाल्याशिवाय विद्यार्थ्याला परीक्षेला बसू देत नाहीत. कच्च्या मुलाला वेळ आणि शिकवणी देण्यासाठी ही चाळणी असेल तर उत्तम. नुसती टक्केवारी राखण्यासाठी असेल तर तोच मुलगा सहा महिने मागे पडतो आणि आकडा तेवढा चकचकीत राहतो. फरक एका प्रश्नाने कळतो : तुकडीत दाखल झालेल्यांपैकी किती जण बरोबर चार वर्षांत बाहेर पडले? कोकाची मुदत सहा वर्षांपर्यंत आहे, त्यामुळे ‘पदवीधर झाले’ या शब्दांत पाचवे-सहावे वर्षही लपते. मे २०२२ पासून कॉमलेक्सच्या पहिल्या टप्प्याचा निकाल फक्त पास-नापास असा लागतो, त्यामुळे रेसिडेन्सीसाठी दुसऱ्या टप्प्याच्या गुणांचे वजन वाढले. शिवाय अनेक जण एम.डी. वाल्यांची यूएसएमएलईही देतात. दोन परीक्षा म्हणजे दोन फिया आणि दुहेरी तयारी. त्यासाठी कॉलेज मोकळा वेळ देते का, हेही विद्यार्थी-साहाय्यच आहे.

दुसरा आकडा नियुक्तीचा. २०१५ ते २०२० या काळात एम.डी. आणि डी.ओ. रेसिडेन्सींची मान्यता एकाच संस्थेखाली आली, निकष न गाठणाऱ्या काही छोट्या ऑस्टिओपॅथिक रेसिडेन्सी बंद झाल्या, आणि २०२० पासून सगळे एकाच मॅचमध्ये, म्हणजे रेसिडेन्सीच्या जागा वाटणाऱ्या देशव्यापी प्रक्रियेत, उतरतात. २०२४ च्या मॅचमध्ये शेवटच्या वर्षाच्या डी.ओ. विद्यार्थ्यांपैकी ९२.३ टक्क्यांना जागा मिळाली. तरीही कॉलेजांच्या पानांवर ९८-९९ टक्के दिसतात. यात खोटे काही नाही. मॅचनंतर उरलेल्या जागांसाठीची धावपळ, सैन्यदलातल्या जागा आणि फक्त एका वर्षाच्या प्राथमिक (‘प्रिलिमिनरी’) जागाही नियुक्तीत धरल्या जातात. एका वर्षाची जागा संपल्यावर तो डॉक्टर पुन्हा अर्ज घेऊन उभा असतो. म्हणून टक्केवारीपेक्षा नियुक्त्यांची यादी पाहावी, आणि तीत ‘प्रिलिमिनरी’ हा शब्द किती वेळा येतो ते मोजावे.

मानसिक आरोग्याचा नियमही याच पांगापांगीतून समजतो. समुपदेशन गोपनीय हवे आणि विद्यार्थी जिथे जिथे शिकत असेल त्या प्रत्येक ठिकाणाहून दिवसाचे २४ तास, आठवड्याचे सातही दिवस कोणीतरी उपलब्ध हवे, असे कोका म्हणते. शिवाय उपचार करणाऱ्याचा त्या विद्यार्थ्याच्या गुणांशी किंवा बढतीशी संबंध असता कामा नये. कागदावर हे सगळीकडे असते. बऱ्याचदा ते एका फोन क्रमांकापुरते उरते, कारण समुपदेशक ज्या राज्यात परवानाधारक आहे त्याच्या बाहेर रोटेशन लागले की पुढची भेट अडते. तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला विचारावे की भेटीसाठी अर्धा दिवस सुटी मागितली तर रोटेशनमधली हजेरी कापली जाते का.

मान्यतेचा दर्जाही वाचायला शिकावे. कोकाचे निर्णय जाहीर असतात : उत्कृष्ट ठरलेल्या कॉलेजला दहा वर्षे, सर्वसाधारण मान्यता सात वर्षे, त्याखाली वाढीव देखरेख, ताकीद आणि परिवीक्षा. नव्या कॉलेजला पहिली तुकडी पदवीधर होईपर्यंत पूर्व-मान्यताच असते आणि कॉलेज मध्येच बंद पडले तर विद्यार्थ्यांचे शिक्षण पुरे व्हावे म्हणून वेगळा निधी अडकवून ठेवावा लागतो. पहिल्या तुकडीत शिरणाऱ्याला ना निकाल पाहता येतात, ना नियुक्त्यांची यादी.

आता पैशाची अट बदलली आहे. १ जुलै २०२६ पासून नव्या विद्यार्थ्यांना ग्रॅड प्लस हे केंद्रीय कर्ज बंद, आणि व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी सरकारी कर्जाची मर्यादा वर्षाला ५० हजार, एकूण २ लाख डॉलर. अनेक खासगी डी.ओ. कॉलेजांची नुसती फीच वर्षाला ५० हजारांच्या वर आहे. उरलेल्यासाठी खासगी कर्ज घ्यायचे तर बहुतेकदा घरच्या कोणाची तरी सह-कर्जदार म्हणून सही लागते. अशा वेळी कॉलेजच्या अर्थसाहाय्य कार्यालयाकडून चारही वर्षांचे खर्चपत्रक वेगवेगळे मागून घ्यावे आणि तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या रकान्यात गाडी, पेट्रोल, परगावचे भाडे आणि ऑडिशन रोटेशनचा (जिथे रेसिडेन्सी हवी त्या रुग्णालयात आधी काम करून दाखवण्याचा) प्रवास धरला आहे का, ते आधी पाहावे.