न ताणणाऱ्या दोऱ्याचा ताणणारा स्वेटर

मराठीत कोष्टीही विणतो आणि आजीही विणते. मागावर बसून लुगडे काढणाऱ्या विणकराच्या आणि ओसरीत बसून दोन सुयांवर नातवाचे झबले करणाऱ्या आजीच्या कामाला आपली भाषा एकच क्रियापद लावते, त्यामुळे या दोन्ही वस्त्रांची जातकुळी एकच असावी असा समज आपल्या मनात नकळत रुजलेला असतो. गेल्या हिवाळ्यात आमच्या शेजारच्या, अभियांत्रिकीला शिकणाऱ्या मुलाने माझ्या हातातला अर्धवट स्वेटर दोन्ही बाजूंनी ओढून पाहिला आणि म्हणाला, "काकू, ही लोकर चांगलीच रबरी दिसते." मी त्याच गुंड्यातला हातभर धागा तोडून त्याच्या हाती दिला व ओढायला सांगितले. धागा फार तर बोटाच्या जाडीएवढा लांबला आणि तिथेच थांबला, स्वेटर मात्र त्याच्या हातात सहज दीडपट रुंद झाला होता. ज्या धाग्याला ताणच बसत नाही त्याचे कापड ताणते कसे, हा प्रश्न त्याला पडला याचा मला जो आनंद झाला, तो पूर्ण झालेला स्वेटर अंगाला बेताचा बसल्यावर होणाऱ्या आनंदाहून कमी नव्हता.

नागपुरात राहून विणकामाचा छंद का जोपासावा, असे मला अनेकदा विचारले जाते. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जाणाऱ्या शहरात लोकरीचे गुंडे मांडीवर घेऊन बसणारी बाई लोकांना विक्षिप्त वाटते, हे मी समजू शकते. तथापि याच शहरात २९ डिसेंबर २०१८ रोजी किमान तापमान ३.५ अंश सेल्सिअसपर्यंत उतरले होते, हे लोक मार्च उजाडताच विसरतात. शिवाय प्रश्न विचारणाऱ्या गृहस्थांच्या सदऱ्याखाली भर उन्हाळ्यातही जो बनियन असतो, तो सुती असला तरी फासांनीच विणलेला असतो, मागावर काढलेला नसतो. टी-शर्ट आणि पायमोजे हेही त्याच कुळातले होत. १५८९ साली इंग्लंडमध्ये विल्यम ली याने मोजे विणण्याचे यंत्र बनवले, आणि आज होजिअरी म्हणून जे काही विकले जाते ते त्या यंत्राच्या वंशजांवर तयार होते. तात्पर्य, नागपूरकर बाराही महिने सुयांवरच्या विणकामाचेच भाऊबंद अंगावर वागवत असतो, फक्त त्याला ते ठाऊक नसते.

मागावरच्या कापडात धाग्यांचे दोन संच असतात. उभे धागे ताणून बांधलेले असतात आणि आडवा धागा त्यांच्या खालून-वरून जातो. जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ रोजी नागपुरात सुरू केलेल्या एम्प्रेस मिलमध्ये जे कापड निघत असे, ते याच प्रकारचे होते. अशा कापडात प्रत्येक धागा जवळजवळ सरळ असतो, म्हणून ते उभे किंवा आडवे ओढले असता थेट धाग्यालाच ताण बसतो आणि ते हटत नाही. तिरके ओढले तर थोडेसे सैल पडते, एवढेच. सुयांवरच्या कापडात यातले काहीच नसते. तिथे उभा-आडवा असा भेद नाही, संपूर्ण पाठ किंवा बाही एकाच अखंड धाग्याची असते, आणि त्या धाग्यात सरळ म्हणावा असा भाग शोधूनही सापडत नाही. पहिला टाका सरगाठीने घालायचा, पुढे प्रत्येक फासातून नवा फास ओढून काढायचा. खालचा फास वरच्या फासाने अडवलेला, तो त्याच्या वरच्याने, आणि सर्वांत वरची ओळ सुईने. म्हणूनच सुई निसटली की पोटात गोळा येतो.

आता एका टाक्याकडे जवळून पाहावे. त्याचा आकार साधारणपणे उलट्या घोड्याच्या नालासारखा असतो, म्हणजे वर गोल डोके, खाली दोन पाय, आणि पायांच्या टोकांकडून धागा शेजारच्या टाक्यांत गेलेला. एका टाक्यात किती धागा आहे, हे विणतानाच ठरून जाते. कापड आडवे ओढले की पायांमधला धागा सरकत डोक्याकडे येतो, त्यामुळे फास रुंद आणि बुटका होतो. उभे ओढले की उलट घडते. डोक्यातला धागा पायांत उतरतो आणि फास उंच व अरुंद होतो. धाग्याची लांबी दोन्ही वेळा तेवढीच राहते, केवळ तिची वाटणी बदलते. त्या मुलाला पटावे म्हणून मी पुडे बांधायच्या सुती दोऱ्याचा, रुंदी आणि उंची प्रत्येकी १० सेंटिमीटर असलेला तुकडा विणून दाखवला. त्या दोऱ्यात रबरीपणाचा लवलेशही नव्हता, तरी आडवे ओढल्यावर तुकडा १५ सेंटिमीटर रुंद झाला आणि त्याची उंची ८ सेंटिमीटरवर आली.

ताणणे एक वेळ समजले, परंतु सोडल्यावर कापड परत का येते? याचे उत्तर वाकण्यात आहे. सरळ राहू पाहणारा धागा वाकवायला ऊर्जा लागते, आणि ती वक्रतेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते; वक्रता दुप्पट झाली तर धाग्याच्या तेवढ्याच लांबीत चौपट ऊर्जा साठते. स्वस्थ पडलेल्या कापडातला प्रत्येक फास एकूण वाकण्याची ऊर्जा कमीत कमी राहील अशा आकाराच्या आसपास असतो. आपण ओढतो तेव्हा फासाचा काही भाग सरळ होतो आणि काही भाग, विशेषतः जिथे दोन फास एकमेकांत अडकलेले असतात तो, अधिक तीव्रपणे वाकतो. ही वाढलेली ऊर्जा आपल्या हातांनी पुरवलेली असते, आणि हात सैल सोडताच धागा तिचा बराचसा भाग परत करतो. धाग्यांतले घर्षण थोडी ऊर्जा खाऊन टाकते, म्हणून जुन्या स्वेटरची कोपरे बाहेर आलेलीच राहतात.

इथे मला थोडे गणित केल्यावाचून राहवत नाही. गोल छेदाच्या भरीव दांडीची वाकण्याला विरोध करण्याची क्षमता तिच्या त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात असते. समजा, एका धाग्यात १०० तंतू आहेत. ते एकमेकांना डिंकाने चिकटवून भरीव दांडी केली, तर तिचे क्षेत्रफळ एका तंतूच्या १०० पट, म्हणून त्रिज्या १० पट, आणि त्रिज्येचा चौथा घात घेतला असता विरोध १०,००० पट होतो. तेच तंतू एकमेकांवरून मोकळेपणी घसरू शकत असतील तर प्रत्येक तंतू आपापला वाकतो, आणि एकूण विरोध केवळ १०० पट भरतो. प्रत्यक्षातला पीळदार धागा या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी बसतो. पीळ जितका घट्ट तितके तंतू परस्परांवर दाबले जातात आणि धागा दांडीकडे झुकतो. दुकानात उभी राहून मी लोकरीची लडी बोटांत दाबून पाहते तेव्हा दुकानदाराला वाटते की मी मऊपणा पाहते आहे. मी खरे तर १०० आणि १०,००० यांच्या मधली जागा चाचपत असते.

हा विषय केवळ छंदिष्टांचा राहिलेला नाही. २०१८ साली पॅरिसच्या एकोल नोर्माल सुपेरिअरमधील संशोधकांनी नायलॉनच्या अखंड तारेचे विणलेले कापड यंत्रात धरून ओढले, आणि धाग्याचे वाकणे, त्याची न बदलणारी लांबी व फासांची एकमेकांतली अडकण या तीन गोष्टींच्या बळावर त्या कापडाच्या वागण्याचे गणित मांडले. त्यांच्याच आणखी एका प्रयोगात असे दिसले की, कापड हळूहळू ताणले असता बल एकसारखे वाढत नाही, तर फासांच्या स्पर्शबिंदूंशी धागा अधूनमधून झटक्याने घसरतो, आणि या लहानमोठ्या झटक्यांचे सांख्यिकी चित्र भूकंपांच्या चित्रासारखे असते. अमेरिकेत जॉर्जिया टेक या संस्थेतील भौतिकशास्त्रज्ञ एलिझाबेटा मात्सुमोतो, ज्या स्वतः विणतात, त्यांच्या गटाने २०२४ साली सुलट-उलट टाक्यांच्या चार प्रचलित विणी तपासल्या आणि धागा तोच ठेवूनही केवळ वीण बदलल्याने कापडाचा ताठरपणा किती बदलतो हे मोजून दाखवले.

सुलट आणि उलट हे खरे तर एकाच टाक्याचे दोन चेहरे आहेत. नवा फास जुन्या फासातून मागून पुढे काढला तर सुलट, पुढून मागे काढला तर उलट. सुलट टाका मागच्या बाजूने पाहिला की उलट दिसतो. पुढून सगळे सुलट दिसेल असे कापड विणले की त्याच्या कडा गुंडाळतात, हे प्रत्येक नवशिक्याच्या नशिबी येते आणि प्रत्येक नवशिकी आपलेच काही चुकले असे समजते. वस्तुतः चूक कोणाचीच नसते. सुलट टाक्याचा पाय तळाशी कापडाच्या मागे असतो, मध्ये पुढे येतो आणि वर पुन्हा मागे जातो, म्हणजे तो पुढच्या बाजूला फुगलेली उभी कमान असतो. ही कमान सरळ होऊ पाहते तेव्हा तिची वरची आणि खालची टोके पुढे येतात, म्हणून कापडाची वरची व खालची कड पुढे वळते. डोक्याचे याच्या उलट असते. ते मागच्या बाजूला फुगलेली आडवी कमान असते, ती सरळ होताना तिची डावी-उजवी टोके मागे जातात, म्हणून बाजूच्या कडा मागे वळतात. जुन्या टी-शर्टची बाही कापून पाहिली तर हाच प्रकार घरबसल्या दिसेल.

या गुंडाळण्याचाच उपयोग करून मनगटाची आणि कमरेची बॉर्डर बनते. दोन सुलट, दोन उलट असे टाके घेतले की सुलट रांगा एका अंगाला वळू पाहतात आणि उलट रांगा दुसऱ्या अंगाला, परिणामी उलट रांगा आत दबतात, सुलट रांगा वर उठतात आणि कापडाला बाजाच्या भात्यासारख्या चुण्या पडतात. बॉर्डर ओढली की आधी या चुण्या उलगडतात आणि मगच फासांना खरा ताण बसतो, म्हणून ती आडवी एवढी ताणते. दोन्हीकडून प्रत्येक ओळ सुलटच विणली तर आडव्या चुण्या पडतात आणि कापड उभे ताणते. बॉर्डरसाठी आपल्याकडे अंगापेक्षा बारीक सुया घेण्याची पद्धत आहे, म्हणजे अंगाला आठ नंबरच्या घेतल्या तर बॉर्डरला दहाच्या. सुयांच्या नंबरांत मोठा आकडा म्हणजे बारीक सुई, आठ नंबर ४ मिलिमीटरची आणि दहा नंबर ३.२५ मिलिमीटरची. बारीक सुईवर फासात धागा कमी मावतो, त्यामुळे वक्रता वाढते आणि परत येण्याचा जोरही.

सुईचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट नमूद करते. ७ सप्टेंबर २०२५ च्या रात्री खग्रास चंद्रग्रहण होते आणि मी भाचीच्या होणाऱ्या बाळासाठी टोपडे विणत होते. ग्रहणात गर्भवतीने सुई-कात्री हाती धरू नये, बाळाच्या अंगावर खूण उमटते, असे सांगणारे दोन फोन त्या संध्याकाळी आले, आणि विणणारी मी असले तरी टोपडे तिच्या बाळाचे असल्यामुळे दोष लागेल, असा एक पोटनियमही मला ऐकवण्यात आला. सुमारे ३ लाख ८४ हजार किलोमीटर अंतरावरच्या चंद्रावर पृथ्वीची सावली पडते तेव्हा नागपुरातल्या सुईत कोणता बदल होतो, हे फोन करणाऱ्यांपैकी कोणी सांगू शकले नाही. विणकामाने मेंदूचे दोन्ही अर्धे भाग जागे होतात, अशा अर्थाचे सुविचारही मला येतात, आणि त्यांच्यावरही मी तेवढाच विश्वास ठेवते. मला विणायला आवडते, हे कारण पुरेसे आहे.

उबेबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही. स्वेटर स्वतः उष्णता देत नाही, तो फासांमध्ये आणि तंतूंमध्ये हवा अडवून शरीराची उष्णता बाहेर जाऊ देत नाही. बर्फाची लादी घोंगडीत गुंडाळली तर ती याच कारणाने उशिरा वितळते.

त्याहून मजेदार गोष्ट उसवलेल्या लोकरीची आहे. लहानपणी आमच्याकडे दर दोन वर्षांनी स्वेटर उसवून वाढत्या मापाचा नवा विणला जात असे. धाग्याचे एक टोक ओढले की सबंध बाही सरसर मोकळी होत जाते, कारण सुरुवातीची सरगाठ आणि शेवट सोडला तर मध्ये एकही गाठ नसते. मात्र निघालेला धागा कुरळा असतो, जणू प्रत्येक फास त्याच्या लक्षात राहिलेला आहे. आई तो खुर्चीच्या पाठीला गुंडाळून त्याची लडी करी, ओली करी आणि खाली वजन बांधून वाळत घाली. खऱ्या लोकरीतील केराटिन या प्रथिनाच्या साखळ्या परस्परांशी हायड्रोजन बंधांनी जोडलेल्या असतात, पाणी आत शिरले की हे बंध सुटतात आणि वाळताना नव्या जागी जुळतात. ओले केस विंचरून वाळवले की सरळ राहतात ते यामुळेच. आज बाजारात लोकर म्हणून मिळणारा बहुतेक धागा ॲक्रिलिकचा असतो. त्याला नुसते पाणी पुरत नाही, वाफेची उष्णता लागते. तीच उष्णता विणलेल्या स्वेटरला इस्त्रीने दिली की धाग्याचा परत येण्याचा जोर संपतो आणि स्वेटर कायमचा लुळा पडतो. माझे एक फिकट जांभळे जाकीट असेच गेले, आणि इस्त्री मीच फिरवली होती.

शेजारचा मुलगा आता विणायला शिकतो आहे. त्याला मी आधी नमुन्याचा तुकडा विणायला लावला, कारण १० सेंटिमीटरमध्ये २२ टाके बसतील असे धरून २२० टाके घातले आणि प्रत्यक्षात २० च बसले, तर १०० सेंटिमीटरचा स्वेटर ११० चा होतो. त्याने मोजून २० टाके घातले होते. दहाव्या ओळीच्या शेवटी ते २३ झाले, तेव्हा त्याने सुई तशीच धरून आमची बेल वाजवली. मी पाहिले तर ओळ सुरू करताना तो धागा सुईवरून मागे ओढून घेत होता, त्यामुळे कडेच्या टाक्याचे दोन्ही पाय सुईवर चढून दोन टाक्यांसारखे दिसत होते आणि तो प्रामाणिकपणे दोन्ही विणत होता.